जिंकणाऱ्याचा हिशेब

पैशांवर खेळण्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते जवळजवळ सगळे हरणाऱ्याविषयी असते. ऋग्वेदातले अक्षसूक्त हरलेल्या जुगाऱ्याचे आहे. द्यूतसभा लक्षात राहते ती युधिष्ठिर हरला म्हणून. वर्तमानपत्रात बातमी येते ती कर्जात बुडालेल्या तरुणाची. जिंकलेल्याला कोणी काही विचारत नाही. तो हुशार, नाहीतर नशीबवान, एवढे म्हणून विषय संपतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा. कॉलेजसाठी नागपुरात राहिलो आणि वसतिगृहात पैशांवर पोकर खेळलो. बहुतेक वेळा जिंकत होतो. त्यामुळे या खेळाची जी बाजू मला जवळून पाहायला मिळाली ती जिंकणाऱ्याची, आणि लिहायचे आहे तेही तिच्याविषयीच. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. ते खरे आहे. माझे म्हणणे असे की पैशांवरच्या पोकरवर घेता येणारा सर्वात गंभीर आक्षेपही हाच आहे.

पैज लावणे आमच्या भागाला नवे नाही. पोळ्याच्या दिवसांत पत्त्यांचे फड बसतात, पोलिसांचे छापे पडतात आणि पुढच्या वर्षी फड पुन्हा बसतात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्री नाटक होते आणि कुठेतरी कोपऱ्यात झंडीमुंडीचा कपडा अंथरलेला असतो. सहा चिन्हे, सहा फासे. आपण पैसे लावलेले चिन्ह निदान दोन फाशांवर यावे लागते, आणि तसे साधारण चारातून एकदाच घडते. हे गणित कोणी मांडत नाही, पण शेवटी कपडा अंथरणाराच जिंकतो हे पवनीच्या बाजारात शेंगा विकणाऱ्या माणसालाही ठाऊक असते. कोंबडबाजार, सट्टापट्टी, तीनपत्ती यांच्याविषयीही लोकांची समज अशीच पक्की आहे: खेळणारा आपण नशीब अजमावतो आहोत असेच म्हणतो, मी अभ्यास करतो आहे असे म्हणत नाही.

पोकरने ही भाषा बदलली. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते उपडे मिळतात, मधोमध टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडतात आणि चार फेऱ्यांत बोली लागते. आपले दोन आणि मधले पाच मिळून सातांतून ज्याचे पाच पत्ते सरस, त्याचा डाव. पण बहुतेक डाव तिथपर्यंत पोचतच नाहीत. 2009 मध्ये अमेरिकेत सुमारे दहा कोटी ऑनलाइन डाव तपासले गेले, तेव्हा चारांतले तीन डाव पत्ते उघडण्याआधीच, बाकीच्यांनी माघार घेतल्यामुळे संपले होते. म्हणजे हातात काय आले यापेक्षा बोली कशी लावली याला महत्त्व. विज्ञान शाखेतल्या मुलाला हे फार आवडते. दोन एक्के हातात येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. चार बदाम जमलेत आणि दोन पत्ते उघडायचे बाकी आहेत, तर पाचवा बदाम येण्याची शक्यता 35 टक्के. मधल्या ढिगात किती पैसे आहेत, पुढे राहायला किती टाकावे लागतील, हा भागाकार करता आला की निम्मे टेबल मागे पडते. मला तो करता येत होता. मित्र म्हणत, ‘तुयं नशीब लय जोरात हाय बे.’ नशीब नाही, हे मला कळत होते आणि त्याचा आनंदही फार मोठा होता.

न्यायालयांतही हाच वाद चालत आला आहे. महाराष्ट्रातला जुगारविरोधी कायदा 1887 चा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सत्यनारायण प्रकरणात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, कारण तिच्यात पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तीनपत्ती मात्र नशिबाची. पोकरचे भांडण तिथून सुरू झाले. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार म्हटले, मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये कौशल्याचा खेळ मानले. दोन्हीकडचे वकील एक गोष्ट धरूनच चालले होते: कौशल्य सिद्ध झाले की खेळ स्वच्छ, नशीब सिद्ध झाले की मलीन. हे गृहीतच मला मान्य नाही.

का, ते सांगायला थोडे गणित लागेल. बोली सुरू व्हावी म्हणून प्रत्येक डावात सक्तीने जी मोठी रक्कम टाकावी लागते, तिला एक एकक समजू. चांगला खेळाडू सरासरी शंभर डावांमागे पाच एकके कमावतो असे धरा. हा वेग उत्तम समजला जातो. पण तेवढ्याच शंभर डावांत नशिबाचे चढउतार नव्वद एककांच्या आसपास असतात. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई पाचशे एकके होते आणि चढउतार नऊशेंच्या घरात जातात. म्हणजे खरोखर चांगला खेळणारा माणूस दहा हजार डाव खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळजवळ तीन. टेबलावर ताशी पंचवीस डाव धरले, तर दहा हजार डावांना चारशे तास लागतात. परीक्षा, सबमिशन, सुट्ट्या वजा केल्या, तर वसतिगृहातल्या मुलाची पदवीची बरीच वर्षे यातच जातील.

आता हेच उलट करा. शंभर डावांमागे पाच एकके गमावणारा कच्चा खेळाडू घ्या. दहा हजार डावांनंतर तो फायद्यात असण्याची शक्यताही तेवढीच, दहात तीन. तो मुलगा काय समजेल? आपल्यात काहीतरी आहे, असेच समजेल. त्याच्याजवळ पुरावा आहे, हिशेब आहे, इतक्या वर्षांची आठवण आहे. खरे चित्र दिसायला लाखभर डाव लागतात. तिथे चांगला खेळाडू तोट्यात राहण्याची शक्यता शंभरात चारपर्यंत उतरते. कौशल्य आहे, पण कोणाकडे आहे हे ज्याला त्याला कळायच्या आत पैसे हलून गेलेले असतात. न्यायालयासमोर कौशल्य सिद्ध होते ते लाखो डावांच्या सरासरीवर. विद्यार्थी जगतो एका सत्रात.

आणि पैसे हलतात ते एकाच दिशेने. नशिबाच्या खेळात, मधला दलाल वगळला, तर आज हरलेला उद्या जिंकू शकतो आणि चौघा मित्रांपैकी कोणाकडून कोणाकडे पैसे जातील हे आधी ठरलेले नसते. कौशल्याच्या खेळात तसे होत नाही. तिथे कमी समजणाऱ्याकडून जास्त समजणाऱ्याकडे पैसे सतत वाहत राहतात, आणि खेळ जितका कौशल्याचा तितका तो प्रवाह खात्रीचा. हा गुण ज्यांना समर्थनाचा वाटतो, त्यांनी एकदा टेबलावरच्या सर्वात कच्च्या मुलाच्या जागी बसून विचार करावा.

पोकरच्या कोणत्याही गंभीर पुस्तकात एक सल्ला हमखास असतो: टेबल निवडा. आपण किती चांगले आहोत यापेक्षा समोरचे किती कच्चे आहेत यावर कमाई अवलंबून असते. जगातला दहाव्या क्रमांकाचा खेळाडू पहिल्या नवांबरोबर बसला तर तो कंगाल होतो. म्हणून जिंकणाऱ्याचे खरे कौशल्य पत्त्यांत कमी आणि माणसांत जास्त असते. कोण आज घरून पैसे घेऊन आला आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, कोण हरल्यावर चिडून मोठ्या बोली लावतो, हे त्याला ठाऊक असते. या चिडलेल्या अवस्थेला खेळाडू टिल्ट म्हणतात आणि समोरचा टिल्टवर गेला की नेमका तेव्हा उठत नाहीत. कच्चा खेळाडू पुन्हा यावा म्हणून त्याच्याशी गोड बोलावे लागते. त्याच्या वाईट खेळाला ‘बॅड लक’ म्हणावे लागते. त्याच्याकडचे पैसे संपले तर उसने द्यावे लागतात. हे सगळे मी केले आहे, सगळे जिंकणारे करतात, आणि हे केल्याशिवाय जिंकणे टिकत नाही. लाखांदूरकडचा एक मित्र आमच्या टेबलावर नेमाने बसायचा. घरी धानाचे चुकारे झाले की त्याच्या खात्यात मेसचे आणि पुस्तकांचे पैसे यायचे, आणि त्यांतला मोठा वाटा थोड्याच दिवसांत माझ्याकडे असायचा. त्याने तक्रार केली नाही. दिवाळीच्या सुट्टीत पवनीच्या बसस्थानकावर तो दिसला तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.

त्याची अडचण नुसत्या समजुतीची नव्हती. दोघे अगदी सारखे खेळत असले, तरी लहान थैलीवाला आधी संपतो. पास्कल आणि फर्मा यांच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यापासून, हे गणित माहीत आहे. एकाकडे 2,000 रुपये आणि दुसऱ्याकडे 18,000, खेळ पूर्ण समसमान, बोली छोट्या, आणि एकजण पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबायचे नाही. तर लहान थैलीवाला रिकामा होण्याची शक्यता दहात नऊ. कौशल्याचा इथे संबंधच नाही. शेतकऱ्याच्या घरी पैसा हंगामाला येतो, नोकरदाराच्या घरी महिन्याला. टेबलावर दोघे शेजारी बसतात तेव्हा दोघांचे पत्ते सारखे पिसले जातात, थैल्या सारख्या नसतात. धैर्याने खेळ, असे पोकरमध्ये सांगतात. ते धैर्य महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पैसे येणार असलेल्या मुलाला परवडते.

पवनीत जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. वैनगंगेकाठी बुद्धाचे म्हणणे ऐकणारी, दान देऊन आपली नावे ब्राह्मी लिपीत दगडावर कोरून घेणारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहत होती. त्या परंपरेतल्या दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल नावाच्या एका गृहस्थपुत्राला बुद्ध संसारी माणसाने कसे वागावे ते सांगतात आणि त्यात जुगाराचे सहा तोटे मोजतात. धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, कोणी मुलगी देत नाही, हे त्यात आहेच. पण यादीतला पहिला तोटा जिंकणाऱ्याचा आहे: जिंकणारा वैर निर्माण करतो. हरलेल्याचा शोक त्याच्यानंतर येतो. हा क्रम मला फार विचारपूर्वक लावलेला वाटतो. धन गमावण्याआधी माणसे गमावली जातात, आणि ती गमावतो तो जिंकणारा.

विदर्भाशी नाते असलेली दुसरी कथा नळाची. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिचा नवरा नळ पुष्कराशी फासे खेळून राज्य हरतो. पुढे सारथी बनून तो ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकत असतो, तेव्हा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून फांद्यांवरची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ झाड तोडून मोजतो, संख्या जुळते. ती विद्या, अक्षहृदय, नळ मागून घेतो. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज करणे आणि फाशांचे मर्म जाणणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे महाभारतकारांना कळले होते. नळ मग पुन्हा खेळतो, या वेळी जाणकार होऊन, आणि सगळे परत जिंकतो. जिंकल्यावर तो पुष्कराला क्षमा करतो आणि त्याचा वाटा त्याला देऊन टाकतो. जाणत्याने अजाणत्याकडून जिंकलेले धन ठेवून घ्यावे की नाही, हा प्रश्न कथेने असा सोडवला. वसतिगृहात असा प्रश्न आम्ही एकमेकांना कधी विचारला नाही.

वसतिगृहातल्या टेबलावर निदान समोर चेहरा असतो. मोबाइलवर तोही नाही. 2003 मध्ये अमेरिकेतला क्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस शंभर डॉलरपेक्षा कमी प्रवेशशुल्काच्या ऑनलाइन स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला. ती गोष्ट जगभरच्या कॉलेजांत पोचली, आमच्यापर्यंतही आली. भारतात कंपन्या उभ्या राहिल्या, क्रिकेटपटू आणि नट जाहिरातींत आले, आणि प्रत्येक जाहिरातीत कौशल्य हा शब्द होता. कंपनी प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेते, त्यामुळे खेळणाऱ्यांचे एकत्रित खाते कायम तोट्यात आणि कंपनीचे कायम फायद्यात. त्यात 2019 मध्ये प्लुरिबस नावाच्या संगणक प्रणालीने सहा जणांच्या खेळात व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकले. पवनीतला मुलगा रात्री फोनवर कोणाशी खेळतो, माणसाशी की यंत्राची मदत घेणाऱ्याशी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. जुलै 2023 मध्ये शेजारच्या गोंदियात नागपूर पोलिसांनी एका सट्टेबाजाच्या घरावर छापा टाकला. ऑनलाइन जुगाराच्या ॲपमधून 58 कोटी रुपयांना फसवले गेल्याची एका व्यापाऱ्याची तक्रार होती. ते ॲप तर सरळ बनावट असल्याचा आरोप होता. पण अधिकृत कंपनी आणि बनावट ॲप यांच्यातला फरक सहा इंचांच्या पडद्यावर ओळखायचा कसा, हे आपण मुलांना शिकवलेले नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. लोकसभेत 20 तारखेला, राज्यसभेत 21 ला, राष्ट्रपतींची मंजुरी 22 ला. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेद त्याने बाजूला ठेवला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सुमारे 45 कोटी लोक वर्षाला 20 हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले आणि कायद्याला आव्हानही दिले गेले. घाईत, पुरेशी चर्चा न करता कायदा झाला, ही टीका योग्य आहे. तरी कौशल्याचा प्रश्न बाजूला ठेवला हे मला बरोबर वाटते, आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार मानले नाही हे त्याहून बरोबर.

प्रौढ माणसाने आपल्या पैशांचे काय करावे हे सरकारने का ठरवायचे, असा आक्षेप घेतला जातो. तो मी हलका मानत नाही. वीस वर्षांचा मुलगा मत देतो, मग त्याला दोनशे रुपयांची बोली लावू नये असे कोण सांगणार? पण कायदा थांबवतो आहे तो त्या मुलाला नाही, त्याच्या बोलीवर धंदा उभारणाऱ्याला. आणि हाच निकष सरकारने स्वतःच्या परवानगीने चाललेल्या बाजारालाही लावायला हवा. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांनी पैसे गमावले, प्रत्येकी सरासरी सुमारे दोन लाख. तिथेही समोर अफाट थैलीच्या संस्था आणि यंत्रे बसली आहेत, तिथेही कौशल्याची भाषा आहे, आणि तोच मुलगा तोच फोन घेऊन तिकडे वळतो आहे. पोकरचे ॲप बंद करून ऑप्शनचे ॲप उघडे ठेवणाऱ्यांनी या 93 टक्क्यांचे उत्तर द्यायला हवे.

पोकरने मला दिलेलेही काही आहे, ते नाकारणे खोटेपणाचे होईल. निर्णय चांगला असून निकाल वाईट येऊ शकतो, आणि उलटही, हे मला कोणत्याही वर्गात इतके नीट समजले नव्हते. शेती करणाऱ्या घरात तर हे रोज लागते: पेरणी योग्य वेळी झाली, पाऊस आला नाही, तर पेरणाऱ्याची चूक नव्हती. पैसे नसतील तर पोकर पोकरच राहत नाही, हेही खरे. काड्यापेटीच्या काड्यांवर खेळलो की कोणी माघारच घेत नाही आणि सगळी बुद्धी वाया जाते. यावर उपाय शोधलेला आहे. मॅच पोकर या प्रकारात प्रत्येक टेबलावर तेच पत्ते वाटले जातात, संघ खेळतात, आणि तुमच्या जागी बसलेल्या इतरांनी त्याच पत्त्यांवर काय केले याच्याशी तुमची तुलना होते. डुप्लिकेट ब्रिजही याच तत्त्वावर चालतो. नशीब वजा होते, मागे उरते ती क्रमवारी. क्रमवारीसाठी माणसे जीव ओतून खेळतात, हे नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा सगळ्या विदर्भाने पाहिले. मला कौशल्यच आवडते असे सांगणाऱ्या पोकरपटूला या टेबलावर बसवावे. तो आनंदाने बसला, तर त्याचे म्हणणे खरे.

वसतिगृहाच्या खोल्यांत मात्र खेळ चालूच राहणार. नवा कायदा ऑनलाइनपुरता आहे, आणि जुना 1887 चा कायदा मुख्यतः अड्डा चालवून कमावणाऱ्याच्या मागे आहे. तिथे छापा टाकून चार मुलांची नावे वर्तमानपत्रात देण्याने काही साधत नाही; त्यांची नोकरी आणि लग्ने तेवढी अडतात. भंडारा-पवनीच्या कॉलेजांत संख्याशास्त्र शिकवले जाते, नाणी आणि लाल-निळ्या चेंडूंच्या उदाहरणांनी. त्याच तासाला झंडीमुंडीचे सहा फासे, पोकरचे दहा हजार डाव आणि लहान थैलीचा नियम फळ्यावर मांडावा. वसतिगृहात राहिलेला मुलगा शेवटच्या बाकावरून उठून पुढे येईल. आणि अधीक्षकांनी खेळताना सापडलेल्यांपैकी आधी जिंकणाऱ्याला बोलवावे, त्याच्याकडे हिशेबाची वही मागावी. असतेच त्याच्याकडे, आम्ही सगळे ठेवत होतो. त्या वहीतल्या प्रत्येक जमा रकमेसमोर ती कोणाची होती, त्याचे नाव त्याला स्वतःच्या हाताने लिहायला सांगावे.